आंब्याच्या हंगामात जाहिरात एजन्सीने 1,43,100 रुपये बुडवले

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री, 29 एप्रिल 2025 ला, आमच्या पुण्याच्या घरात देवगड हापूसच्या 64 पेट्या होत्या आणि ऑर्डरी होत्या 9. फळ तयार झालेलं, घरभर वास सुटलेला. असा आंबा वाशीच्या घाऊक बाजारात पाठवता येत नाही आणि घरात ठेवताही येत नाही. उरलेल्या 55 पेट्या पेटीमागे 900 रुपये सोडून फळवाल्यांना देऊन टाकल्या. 49,500 रुपये तिथे गेले, आणि हे एजन्सीने नेलेल्या पैशांत धरलेले नाहीत.

एजन्सीला दिले ते असे : तीन महिन्यांची फी 45,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 8,100, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींचं बजेट म्हणून 90,000. सगळे आगाऊ, सगळे त्यांच्याच खात्यात. "हंगाम सुरू झाला की जाहिरातीचे दर चढतात मॅडम, आत्ताच भरून टाका."

नातेवाईक म्हणतात, शिकलेली बाई तू, एवढं कळलं नाही? मार्च-एप्रिलमध्ये बागायतदाराच्या घरात काय चाललेलं असतं ते एकदा येऊन बघा. तिकडे काढणी, इकडे अढी लावणं, फळ निवडणं, पेट्या भरणं, टेम्पोवाल्याच्या मागे लागणं. सासरे देवगडला, मी पुण्यात, फोन दिवसभर कानाला. आणि मी डोळे मिटून गेले नव्हते. तीन एजन्सींना भेटले, जुनी कामं मागितली, यांनी ढीगभर दाखवली. ती ज्या दुकानांची होती त्यांना फोन करायचा राहिला. तुम्ही करा.

पण एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही. पाडव्यानंतरच्या आठवड्यात पहिला रिपोर्ट आला. रंगीत पीडीएफ, 'रीच' म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली तो आकडा, 3,86,000. खाली ॲड्स मॅनेजरचा, म्हणजे जिथून जाहिराती चालवतात त्या पानाचा, स्क्रीनशॉट, आणि त्यातला खर्चाचा रकाना कापलेला. मला तो दिसला! कडेला अर्धं अक्षर उरलं होतं, तेसुद्धा आठवतंय. मी विचारलं, खर्च किती झाला? उत्तर आलं, "आमच्या मास्टर अकाउंटमधून जातो मॅडम, त्यात दुसरे क्लायंट पण असतात, म्हणून दाखवता येत नाही." यावर मी 'ओके' लिहिलं आणि अंगठा पाठवला. भाजीवाल्याने काटा माझ्याकडे पाठ करून धरला तर मी पावशेर मिरची घेत नाही. इथे 90,000 चा काटा मला दिसत नव्हता आणि मी अंगठा पाठवला.

जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर, कार्ड तुमचं, एजन्सीला फक्त काम करण्यापुरता पार्टनर ॲक्सेस. मग प्रत्येक पावती तुमच्याकडे येते. याला नाही म्हणणाऱ्यांसमोरून उठून या.

26 एप्रिलला भाची घरी आली. तिने मोबाइलवर मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीची, ॲड लायब्ररी उघडली. कुणालाही फुकट उघडता येते, पेजचं नाव टाकलं की चालू असलेल्या जाहिराती दिसतात. म्हणाली, "मावशी, तुझी एकही जाहिरात चालू नाहीये." ऐन हंगामात, एकही नाही.

हिशेब मागितल्यावर महिनाभर टोलवाटोलवी करून त्यांनी एकच पावती पाठवली, 6,480 रुपयांची. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली. लॉगिन न करता दोन मिनिटांत कळतं हे. पैसे देण्याआधी बघा, माझ्यासारखं नंतर नाही. मी फार बोलले तर माझ्याच पेजवरून मला काढून टाकलं. सहा वर्षांचं पेज, 4,300 फॉलोअर. पूर्ण ताबा त्यांनी पहिल्याच दिवशी मागितला होता आणि मी दिला होता. कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालासुद्धा.

पोलीस चौकीत पहिल्या दिवशी दोन तास बसवलं आणि सांगितलं, हे दिवाणी प्रकरण आहे, वकील करा. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम 318, फसवणूक. तर म्हणे, "ते आम्हाला शिकवू नका ताई, साहेब नाहीत, उद्या या." उद्या गेले तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, लिंक दाबली नाही, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ह्यात सायबर काय? पुन्हा चौकी. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच द्यायला नकार. पोच मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हटलं तेव्हा शिक्का मारला. ग्राहक आयोगाच्या कचेरीत टेबलावरच्या माणसाने कागद न उघडता सांगितलं, धंद्यासाठी घेतलेली सेवा आहे, तुम्ही ग्राहक नाही. तीनशे कलमांची बाग असलेली बाई कारखानदार होते का? ज्याने फसवलं तो ऑफिसात एसीत बसलाय आणि कागदांची पिशवी घेऊन उन्हात मी फिरतेय. प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न : "आधी विचार करायला नको होता का?" हा प्रश्न त्याला बोलावून का विचारत नाहीत?

सगळी बोलणी लेखी ठेवा. फोनवर ठरलेलं लगेच मेल करून पाठवा. माझ्याकडे चॅट आहे म्हणून निदान अर्ज तरी उभा राहिला.

पेज अजून त्यांच्याच ताब्यात आहे. गेल्या आठवड्यात त्यावर पुढच्या हंगामाचं आगाऊ बुकिंग सुरू झाल्याची पोस्ट पडली, आमच्या बागेचे फोटो लावून, वेगळा यूपीआय नंबर देऊन. तो नंबर आमचा नाही. तिथे पैसे भरू नका, आणि ज्यांनी आमच्याकडून आधी आंबा घेतलाय त्यांना हे कळवा.