मऊ शरीरांच्या जीवाश्मांचा प्रतिकृती संच : ठसे उत्तम, पुस्तिका कच्ची

जळगाव-धुळ्याकडे प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत सध्या हा खोका मिळतो. आत सहा प्रतिकृती, ‘अंबर’चा (झाडाच्या दगड झालेल्या राळेचा) एक खडा, दोन काचेच्या बरण्या आणि एक पुस्तिका. किंमत चार हजारांच्या आत. विषय हाडं-शिंपल्यांचा नाही. कातडी, स्नायू, पिसं, मिशा यांसारखे मऊ भाग कोट्यवधी वर्षं कसे टिकले, याचा आहे. खानदेशात पायाखाली बहुतेक बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा दगड, त्यामुळे हे शिकवायला हाताशी नमुनाच नसतो. असा संच इथे यायलाच हवा होता, आणि म्हणूनच त्यातलं काय चुकलंय हे स्पष्ट सांगायला हवं.

सगळ्यात सरस प्रतिकृती न्यूयॉर्कच्या बीचर थरातल्या ट्रायलोबाइटची (समुद्रातल्या एका नामशेष, कवचधारी, सांधेदार पायांच्या प्राण्याची), सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या. एरवी ट्रायलोबाइटचं फक्त कवच सापडतं. इथे पाय आणि मिशासुद्धा सोनेरी पायराइटच्या (लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या) झालेल्या दिसतात. तिथल्या समुद्रतळाच्या चिखलात लोह भरपूर होतं, पण सेंद्रिय द्रव्य कमी. सल्फेटवर जगणारे जिवाणू फक्त मेलेल्या प्राण्याभोवतीच काम करत, त्यामुळे सल्फाइड तिथेच तयार होई आणि लोहाशी जुळून पायराइट त्या देहावरच बसे. चिखलभर सेंद्रिय द्रव्य असतं तर पायराइट सगळीकडे विखुरलं असतं आणि पाय गेले असते.

याच्या शेजारी इलिनॉयच्या मेझन क्रीकचा, सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वीचा, दोन फाकांत उघडणारा गोटा ठेवून शिकवा. तिथे नदीचं गोडं पाणी मिसळत होतं. गोड्या पाण्यात सल्फेट कमी, म्हणून सल्फाइड कमी, म्हणून लोह मोकळं राहिलं आणि कार्बोनेटशी जुळून देहाभोवती सिडेराइटचा, म्हणजे लोह कार्बोनेटचा, गोटा घट्ट झाला. लोह दोन्हीकडे होतं. पाण्याच्या रसायनाने खनिज बदललं. हा सगळा विषय या दोन नमुन्यांत उभा राहतो, पण पुस्तिकेत ते चार पानांच्या अंतरावर आहेत!

जर्मनीतल्या झोल्नहोफेनचा चुनखडीतला पिसाचा ठसा आणि तिथल्याच मेसेलच्या प्राचीन तळ्यातला मासा चांगले आहेत, ब्राझीलचा फॉस्फेट झालेला मासाही ठीक. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकाची प्रतिकृती मात्र दिशाभूल करते. 1909 मध्ये अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ वॉल्कॉटला मिळालेले ते प्राणी खडकावर कार्बनच्या पातळ पापुद्र्यासारखे सपाट आहेत; तिरप्या उजेडात धरल्याशिवाय नीट दिसत नाहीत. इथे प्राणी फुगीर ओतलाय. मुलांना वाटतं, प्राणी जसाच्या तसा दगड झाला. सोबत खऱ्या नमुन्याचं छायाचित्र ठेवाच.

पुस्तिकेचा खरा दोष एका वाक्यात आहे: ‘प्राणवायू नसेल तर शरीर कुजत नाही.’ कुजतं. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू काम चालू ठेवतातच. प्राणवायू नसल्याचा मोठा फायदा हा, की मढं उकरून खाणारे किडे-खेकडे तिथे फिरकत नाहीत. पुढचं सगळं कुजण्याआधी खनिज बसतं की नाही यावर ठरतं. ब्रिग्ज आणि किअर या संशोधकांनी 1990च्या दशकात झिंग्यांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं: बंद भांड्यात आम्लता वाढली की स्नायूंवर कॅल्शियम फॉस्फेट बसतं, नाहीतर कार्बोनेटचे स्फटिक धरतात.

त्यामुळे बरण्यांत झिंगे कुजवून बघायचा प्रयोग पुस्तिकेप्रमाणे केला तर फसतो. एक बरणी उघडी आणि एक बंद ठेवली, तरी उघडीतला प्राणवायू कुजणं सुरू झालं की लवकरच संपतो, आणि दोन्हींत सारखीच घाण होते. उघड्या बरणीत माशांच्या टाकीचा छोटा पंप सोडा. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ भरा. झाकणाला भोक पाडून रबरी नळी बसवा, कडेला मेण लावा आणि नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवा. झाकण ठार बंद केलं तर वायूच्या दाबाने काच फुटू शकते. झिंगे ताजे आणि एकाच मापाचे, तीन-चार सेंटिमीटरचे घ्या. पुरायला शेतातली काळी माती नको: ती वाळताना तडकते, ठसा मोडतो, शिवाय तिच्यातली चुनखडी आम्लता वाढू देत नाही. धुतलेली बारीक चिनी माती चालते. प्रयोग डिसेंबर-जानेवारीत लावा. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा टप्पे बघायच्या आतच सगळं विरघळतं. फॉस्फेट साध्या डोळ्यांनी दिसणार नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. कोणता भाग कधी गेला याची रोज नोंद मात्र प्रत्येक वर्गाला जमते.

अंबरच्या खड्यात माशी आहे, पण तो अंबर नाही. 250 मिलि पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवा. खरा अंबर त्यात तरंगतो, हा बुडतो. तरंगला तरी एवढ्यावर थांबू नका, कारण कोपल नावाची कोवळी राळही तरंगते. तिच्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब टाकला की पृष्ठभाग चिकट होतो, अंबरचा होत नाही.

खरा अंबर आपल्यापासून लांब नाही. तापीच्या मुखाकडे, सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीत पाच कोटींहून जास्त वर्षं जुना अंबर कीटकांसकट मिळालाय. मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळ मोहगाव कलानला दोन लाव्हा थरांमधल्या गाळात सिलिकाने झाडांच्या पेशी टिकवल्यात; वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी त्या भागातल्या वनस्पतींचा अभ्यास केला. संचात या दोन्हींचा उल्लेखही नाही, हे मनाला लागतं.

घ्यायचा का? अकरावीच्या पुढे शिकवणाऱ्यांनी जरूर घ्यावा, पण दुकानदाराला खड्याशिवायचा खोका मागा आणि तेवढी किंमत कमी करून घ्या. शाळांनी बीचर आणि मेझन क्रीक या दोनच प्रतिकृती सुट्या मिळतात का ते आधी विचारावं.