इस्त्री लावली की 17 व्होल्ट गायब

लालबागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे इस्त्री दिवसभर चालू-बंद. पावसाळ्यापासून इस्त्री लावली की पंखा मंदावायचा. "मागूनच होल्टेज कमी येतंय," असं शेजारीपाजारी सगळे म्हणायचे. शेवटी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर आणला. 280 रुपये. खोक्यावर कंपनीचं नाव नाही.

घरगुती वीज 230 व्होल्टची. 10 टक्के इकडेतिकडे धरलं तर 207 ते 253. बाहेरच्या खोलीत, इस्त्रीच्या बोर्डात, मीटरवर आधी 226 होते, इस्त्री लावताच 209. म्हणजे आकडा हद्दीतच, आणि तेवढ्यावर मी मीटर कपाटात टाकलाही असता. पण इस्त्री तशीच चालू ठेवून तो स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावला, तर तिथे 224! मागून येणारी वीज चांगली होती. बिघाड बाहेरच्या खोलीच्या लाइनीतच होता.

आकडे लिहिलेली वही वायरमनला दाखवली. त्यांनी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरचा, स्क्रू सैल, वायरचं आवरण तपकिरी पडलेलं. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. इस्त्री 1000 वॉटची, म्हणजे साधारण 4 अँपिअर. त्या जोडात 14-15 व्होल्ट खर्ची पडत असतील तर साठेक वॉटची उष्णता तिथेच, लाकडी बोर्डाच्या आत, आणि शेजारी कापडाचे गठ्ठे! वायरचं टोक कापून नवा जोड केला. आता इस्त्री लावली की 226चे 223 होतात, बस.

म्हणून मीटर घेणाऱ्यांना माझं सांगणं, नुसता आकडा वाचू नका. मोठं उपकरण लावल्यावर तो किती घसरतो ते बघा. आणि तो 253च्या वर चढत असेल तर इमारतीच्या मेन लाइनीतलं न्यूट्रल सुटलेलं असू शकतं. तेव्हा फ्रिज-टीव्हीचे प्लग काढा आणि वीज कंपनीला लगेच कळवा. हा मीटर फक्त दाखवतो, वीज तोडत नाही.

वायरमनच्या मल्टिमीटरपेक्षा हा 2 व्होल्ट कमी दाखवतो, माझ्या कामाला चालतं. खटकतं ते एवढंच की दिवसातला सर्वांत कमी-जास्त आकडा तो लक्षात ठेवत नाही. रात्रीचे आकडे मला उठून लिहावे लागले. थोडे जास्त पैसे पडले तरी ती सोय असलेला मिळाला तर तोच घ्या.