३५० सांगून ३०५ गळ्यात मारलं. जुनं इंजिन घेणाऱ्यांनो, ब्लॉकवरचा नंबर स्वतःच्या हाताने पुसून बघा

दोन महिने हे लिहायचं टाळत होतो कारण खरंच लाज वाटत होती. पण परवा जे दिसलं त्यानंतर गप्प बसवेना. २,८०० डॉलर गेले माझे, आणि ज्याने घेतले तो अजून मोकळा फिरतोय.

मी डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. सहा वर्षांपूर्वी १९६९ ची शेव्हरोलेची कॅमॅरो घेतली, मूळ ३०७ इंजिन (३०७, ३०५, ३५० हे आकडे इंजिनच्या क्षमतेचे, घन इंचात) आणि दोन गिअरची ऑटोमॅटिक पॉवरग्लाइडवाली. तेव्हापासून तिचं सगळं काम घरच्या गॅरेजमध्ये मीच करतो. होली कार्ब्युरेटरचे जेट बदलणं, व्हॅक्यूम गेज लावून आयडल सेट करणं, लाइट धरून टायमिंग जुळवणं, सगळं. हे सांगतोय कारण "तुला काही कळत नव्हतं म्हणून फसलास" असं कुणी म्हणू नये. कळत होतं, तरी फसलो.

जुन्या ३०७ चे बेअरिंग वाजायला लागले म्हणून ३५० टाकायचं ठरवलं. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड मागच्या वर्षीच घेऊन ठेवले होते, २.०२ इंची व्हॉल्व्ह असलेले. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, गाडी न्यायचीच होती, म्हणजे घाई मलाच होती. अशात एका ॲपवर जाहिरात दिसली, रिबिल्ट ३५० लाँग ब्लॉक (हेडसकट जोडलेलं इंजिन), फोर बोल्ट मेन (क्रँक धरणाऱ्या मेन कॅपला चार-चार बोल्ट), २,८०० डॉलर. सोबत कास्टिंग नंबरचा, म्हणजे ब्लॉक ओततानाच त्यावर उमटवलेल्या नंबरचा, स्वच्छ फोटो, ३९७००१०. ज्यांना माहिती आहे त्यांना सांगायला नको की हा १९६९ ते ७९ मधला ३५० चा ब्लॉक, सगळे हाच शोधतात. "अजून दोघं विचारतायत" म्हणाला, म्हणून ५०० डॉलर ॲडव्हान्स फोनवरून लगेच पाठवले. खात्यावर नाव एका बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला बायकोचं खातं आहे. माझेपण घरचे व्यवहार बायकोच्या खात्यातून होतात, त्यामुळे मला ते खटकलं नाही.

शनिवारी ट्रेलर भाड्याने घेऊन ओहायोत गेलो. पत्ता घराचा नव्हता, भाड्याने मिळणाऱ्या स्टोरेजच्या शेडचा होता. म्हातारा माणूस, साठीच्या पुढचा, नातवाबद्दल बोलत होता, मला कॉफी दिली. इंजिन पॅलेटवर, मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवलेली. ताजा नारिंगी रंग मारलेला. मी डिपस्टिक बघितली, ड्रायव्हरच्या बाजूला होती म्हणजे १९८० च्या आधीचा ब्लॉक, आणि एवढ्यावर खूश झालो. मग भिंतीच्या फटीतून हात घालून हेडच्या मागे ड्रायव्हरच्या बाजूला जिथे नंबर असतो तिथे बोट फिरवलं. आकडे हाताला लागत होते पण रंग इतका जाड की वाचता येईनात, आणि बोटाला रंग लागला. ओला होता रंग! रिबिल्ट करून सहा महिने झाले म्हणणाऱ्या माणसाच्या इंजिनवर, नेमका तेवढ्याच जागी ओला रंग! माझ्या खिशात स्क्रेपर होता. दोन मिनिटांचं काम होतं, "जरा पुढे ओढूया" एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. समोर वयस्कर माणूस, त्याने कॉफी दिलेली, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा असं वाटलं. बोट चिंधीला पुसलं आणि १,३०० रोख दिले, १,००० फोनवरून.

परत येताना कोल्हापूरच्या मित्राचा फोन आला, त्याच्याकडे ६८ ची मस्टँग आहे. पहिलाच प्रश्न, "ब्लॉकचा नंबर बघितलास का रे?" मी म्हटलं हो, बघितला. फोटोत बघितला होता. ते "हो" अजून रात्री आठवतं.

दोन आठवड्यांनी नवे हेड बसवायला काढलं. आधी ब्रेक क्लीनरने मागचा रंग उतरवला. ३६१९७९. म्हणजे ३०५, कॅमॅरोच्या सात वर्षांनंतर, १९७६ ला आलेलं इंजिन. तरी विश्वास बसेना म्हणून हेड उघडून व्हर्नियर लावला तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३.७३६ इंच, ३५० चा ४ इंच असतो. माझे २.०२ चे व्हॉल्व्ह त्यात उघडलेच तर सिलिंडरच्या कडेला आपटणार, म्हणजे हेडही वाया. खालून पॅन उघडला तर प्रत्येक मेन कॅपला दोनच बोल्ट. आणि रिबिल्ट? बोअर कंपनीतून आला तसाच स्टँडर्ड, वरच्या कडेला झिजून नख अडकेल एवढी रिज, सिलिंडर नव्याने घासल्याच्या (होनिंगच्या) रेघा नावालाही नाहीत. कुठल्यातरी भंगार गाडीतून काढून रंग मारला होता, बस.

हे लक्षात ठेवा, प्लगच्या भोकातून स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) मोजून ३५० की ३०५ कळत नाही, दोन्हीचा स्ट्रोक ३.४८ इंचच आहे. बोअरच मोजायला लागतो, नाहीतर नंबर. "रिबिल्ट" म्हणाला तर एक हेड समोर उघडायला लावा, नाही म्हणाला तर घरी या.

त्याने मशीन शॉपचं बिल दिलं होतं. त्या पत्त्यावर त्या नावाचं दुकानच नाही. बिलावरच्या नंबरवर निघायच्या आधी फोन लावायला हवा होता, तो मी नंतर लावला.

आता तक्रारीचं ऐका. इथले पोलीस म्हणाले ओहायोत घडलं, तिकडे जा. अर्धा दिवस रजा टाकून तिकडे गेलो. तिथला अधिकारी म्हणे तुम्ही इंजिन घ्यायला आलात, तुम्हाला इंजिन मिळालं, हे सिव्हिल मॅटर आहे. मी त्याला दोन्ही नंबरांचे फोटो दाखवले, खोटं बिल दाखवलं, त्याने कागद हातातसुद्धा घेतला नाही. बँक म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कुणी चोरून काढले असते तर बघितलं असतं. अहो, फसवून काढून घेतले ते चोरून नाहीत का? त्या खात्यावरच्या बाईचा पत्ता मागितला तर प्रायव्हसी. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, जायचं तर समन्स बजावायला पत्ता लागतो, आणि स्टोरेजवाला नाव सांगत नाही, पोलिसांकडून पत्र आणा म्हणतो, आणि पोलीस म्हणतात सिव्हिल! सरकारी सायबर तक्रारीच्या साइटवर दीड तास बसून फॉर्म भरला, रेफरन्स नंबर आला, त्यानंतर एक शब्द नाही. चोराला प्रायव्हसी आणि माझ्याकडून सगळे कागद, हा कुठला न्याय?

२,८०० इंजिन, ५८ ट्रेलर, ७१ पेट्रोल, ८६ गॅस्केट सेट, १५० मशीन शॉपकडून तपासून लेखी घेतलं त्याचे. ३,१६५ डॉलर. बायकोला पूर्ण आकडा मागच्या आठवड्यात सांगितला.

पैसे फोनवरून पाठवायचेच तर माल तपासून झाल्यावर, आणि खात्यावरचं नाव समोरच्याचं नसेल तर अजिबात नाही. स्टोरेजच्या शेडमध्ये भेटायला बोलावलं तर त्याच्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो घ्या, मी घेतला असता तर आज हातात काहीतरी असतं.

आणि परवा तीच जाहिरात परत दिसली. इंडियानातलं गाव, दुसरं नाव, २,६०० डॉलर. नंबरचा फोटो तोच, ३९७००१०, कोपऱ्यात पिवळ्या मुठीचा वायर ब्रश आणि मागे लाल विटांची भिंत. त्या ॲपवर रिपोर्ट केलं, तिथल्या पोलिसांना फोन केला. आज सकाळी बघितलं, अजून तशीच आहे. तो पिवळा ब्रश दिसला तर तिकडे फिरकू नका, आणि मला कळवा.