वादळानंतर हीटिंगची तपासणी करून घेतली: चार स्टार, पाचवा फोनवाल्यांनी घालवला

दोन रात्री लाइट नव्हती. वादळात तळघरात पाणी शिरलं ते दुसऱ्या दिवशी ओसरलं, आणि लाइट आल्यावर बघतो तर फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, चालूच होईना. म्हणजे आतला छोटा पंखा घूं घूं करायचा, थोडा वेळ काहीतरी होईल असं वाटायचं आणि ज्योत न पेटताच सगळं गप्प. नवऱ्याने रीसेट करून करून त्या बटणाचा जीव काढला. शेवटी मी म्हटलं अरे आता हात नको लावूस त्याला, आणि वादळानंतरची सेफ्टी तपासणी करून देणारी एक सर्व्हिस बुक केली. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रार पण आहे.

आधी माणसाबद्दल, कारण माणूस एक नंबर. आल्या आल्या त्याने फर्नेस उघडलंच नाही, टॉर्च घेऊन भिंत बघत बसला, पाणी कुठवर चढलं होतं ते. वाळलेल्या चिखलाची एक बारीक रेघ होती जी आम्हाला दिसलीच नव्हती, आणि तीच रेघ फर्नेसच्या पत्र्यावर, गॅस व्हॉल्व्हच्या जेमतेम चार बोटं खाली. "वाचलात" म्हणाला. व्हॉल्व्ह बुडाला असता तर पुसून सुकवून वापरायचा विषयच नाही, सरळ बदलायचा, बाहेरून कितीही कोरडा दिसला तरी, कारण आत गाळ जातो, गंज धरतो, मग तो वेळेवर बंद होईल याची खात्री कोण देणार. पाण्यात गेलेल्या ब्रेकरचंही तेच. (मी हेअर ड्रायर शोधून ठेवला होता हे त्याला सांगितलं नाही.)

मग बाहेर गेला. आमच्या फर्नेसचे दोन पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर येतात, एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर. हवेच्या पाइपात बोटं घालून त्याने जे काढलं ना... ओल्या पानांचा मुठीएवढा बोळा आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. आत एक प्रेशर स्विच असतो म्हणे, हवा नीट खेचली जात नाहीये हे कळलं की तो गॅस पेटूच देत नाही. म्हणजे आमचं फर्नेस बिघडलंच नव्हतं, ते शहाण्यासारखं पेटायचं नाकारत होतं आणि आमचे हे त्याला दहादा सांगत होते, पेट बाबा पेट. बोळा काढला, झटक्यात चालू झालं. तरी गडी उठला नाही, मांडी घालून ज्योतीकडे बघत राहिला. ज्योत निळी आणि स्थिर हवी, पिवळी आळशी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, आणि मोठा पंखा सुरू झाल्या झाल्या ज्योत फडफडली तर हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योतीचा धूर आणि घरातली हवा वेगळी ठेवणाऱ्या पत्र्याला, चीर गेल्याचा संशय घ्यायचा. आमची हलली नाही.

मला वाटलं झालं, आता सही करायची. तर म्हणाला, "ताई, वॉटर हीटर पण गॅसवरच ना?" मी म्हटलं हो, पण त्याला काही झालेलं नाही, तो मस्त चालू आहे. आणि खरंच, दोन दिवस अख्ख्या घरात तेवढी एकच गोष्ट चालत होती, कारण तो जुना, पायलट ज्योतीवाला (आत एक बारीक ज्योत कायम जळत असते), त्याला लाइट लागतच नाही. अंधारात गरम पाण्याने अंघोळी केल्या आणि वर त्याचे गुण गायले.

त्याने गरम पाण्याचा नळ सोडून हीटर पेटू दिला, काही मिनिटं थांबला आणि धूर सोडणारी एक छोटी कांडी हीटरच्या डोक्यावरच्या पाइपाच्या तोंडाशी धरली. तो धूर वर ओढला जायला हवा. तो वळून आमच्या तोंडावर आला. मीटरवर खोलीतला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गॅस अर्धवट जळला की होणारा विषारी वायू, आधी शून्य होता तो चढत चढत २२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २२). बाहेर जाऊन मान वर करून बघितलं तर छतावरच्या धुराड्याची टोपी वाऱ्याने चेपून पाइपावर बसलेली, बाटलीला बूच मारावं तशी.

आणि आमचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म? गप्प. दर महिन्याला बटण दाबून बघतो, छान बोंबलतो, पण त्या बटणाने बॅटरी, सर्किट आणि भोंगा तपासला जातो, सेन्सर गॅस पकडतोय का ते नाही कळत. मागे उलटून बघितलं तर त्याची तारीख कधीच उलटून गेलेली. बरं, नवा असता तरी २२ वर लगेच वाजला नसता. यूएल २०३४ म्हणून अमेरिकन स्टँडर्ड आहे, त्यात ७० पीपीएमला १ ते ४ तासांच्या आत वाजणं अपेक्षित आहे, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे तो जीव वाचवायला आहे, थोडी थोडी गळती सांगायला नाही. हे मला अजिबात माहीत नव्हतं. गॅस गळला तर निदान वास येतो, तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. दोन दिवस माझं डोकं जड होतं आणि मी ते झोप न झाल्याच्या खात्यावर टाकलं होतं. कशामुळे होतं ते आता कळायला मार्ग नाही, पण त्याने पहिला प्रश्न हाच विचारला की बाहेर गेल्यावर बरं वाटायचं का. मला आठवेना.

सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, हीटरचा गॅस कॉक बंद केला, लाल टॅग बांधला आणि सांगितलं टोपी बदलेपर्यंत पेटवायचा नाही. छतावर चढणारा माणूस तीन दिवसांनी आला. वादळानंतर सगळ्यांचीच छतं उडालेली असतात, त्याचे स्टार कापत नाही. टोपी बसवल्यावर परत तीच कांडी धरली, धूर सुतासारखा सरळ वर गेला.

आता तक्रार. बुकिंगच्या वेळी फोनवरच्या बाईंनी मला सांगितलं होतं, "एकदा रीसेट करून बघा मॅडम, चालू झालं तर तपासणीची गरज नाही." हे वाक्य मला त्या रात्री झोपताना आठवलं आणि अंगावर काटा आला. फर्नेस तेव्हा चालू झालं असतं तर मी अपॉइंटमेंट रद्द करून निवांत वॉटर हीटर चालवत बसले असते! आणि त्यांचा रिपोर्ट म्हणजे नुसते टिकमार्क, आकडा एकही नाही. मी मागितल्यावर त्या बिचाऱ्याने मागच्या बाजूला पेनने आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून दिलं.

तर बुक करताना मीटर घेऊन येणार का आणि घरातली गॅसवरची प्रत्येक वस्तू बघणार का एवढं विचारून घ्या, फक्त बंद पडलेली नाही. "चालू असेल तर कशाला" असं उत्तर आलं की फोन ठेवा. लाल टॅग मी नवऱ्याच्या कपाटाच्या दाराला लावलाय.