बायकोसाठी ‘हलकी’ बंदूक घेताना आम्हाला कसं फसवलं

परभणी जिल्ह्यात जिंतूरकडच्या डोंगरपट्ट्यात आमची शेतवस्ती आहे. मी एसटीत वाहक. मुक्कामी गाडी असली की रात्री घरी नसतो. शेत, लेकरं आणि म्हातारी आई बायकोच सांभाळते. रानडुकरांचा उच्छाद आणि वस्तीवरच्या चोऱ्या पाहून तिच्या नावानं बंदुकीचा परवाना मागितला. पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असं सगळं रीतसर होऊन कलेक्टर कचेरीतून तो मिळाला. फसवणूक झाली ती त्यानंतर, परवानाधारक दुकानात.

बायको उंचीला पाच फूट, अंगानं बारीक. ते पाहूनच दुकानदारानं आतून एक जुनी बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आणली. “ताई, ही खास लेडीज साइज. वजनाला फुलासारखी!” मोबाइलवर परदेशातल्या बाईचा हरीण मारतानाचा व्हिडिओ दाखवला, वर म्हणाला, “तुमच्या हरभऱ्यात हरणं येत असतील तर एका बारात काम होतं.”

बायकोनं तिथंच सांगितलं, “आम्हाला हरणं मारायची नाहीत.” अमेरिकेत हरणाच्या शिकारीचे परवाने मिळतात, आपल्याकडे नाही. आपल्या शेतात येणारी हरणं म्हणजे बहुतेक काळविटं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार काळवीट अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. मारलं तर किमान तीन वर्षं कैद. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकरासाठीसुद्धा वनविभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. दुकानदाराला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. असं बोलून गिऱ्हाइकाला बंदूक गळ्यात मारणारा माणूस त्याला तुरुंगाच्या दारात उभा करतो, आणि याचा मला आजही संताप येतो.

माप घ्यायची त्याची पद्धत अशी: दस्त्याचा, म्हणजे खांद्याला लावायच्या भागाचा, मागचा भाग कोपराच्या आत टेकवायचा आणि बोट घोड्यापर्यंत पोचलं की “बसली मापात!” हा निव्वळ अंदाज आहे, माप नव्हे. बंदूक खांद्याला लावून, गाल दस्त्यावर टेकवून पाहावं लागतं. तेव्हा नाक आणि अंगठ्याचं पेर यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. घोड्यापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण 14 इंच किंवा थोडं जास्त हे पुरुषी माप. तिला 13 च्या आसपास हवं होतं. आमच्या बंदुकीला वर जाड रबर लावून ते आणखी लांब करून ठेवलेलं. पैसे मात्र नव्या दुनळीच्या भावात घेतले.

रायफल क्लबच्या मैदानावर तिनं पहिले बार काढले. दस्ता लांब, म्हणून ती मागं झुकली. तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसला आणि दंड काळानिळा पडला. “लई जोरात बसतंय हो,” म्हणाली. प्रशिक्षकांनी बंदूक हातात घेऊन आधी रिकामी केली आणि मग जे सांगितलं ते प्रत्येक घेणाऱ्यानं ऐकावं. काडतूस तेच आणि बंदूक हलकी, तर झटका वाढतो. जड बंदूक धक्का स्वतः पिते. वाहायला सोपी ती झाडायला सोपी नसते. लहान चणीच्या माणसाला 20 बोअर, म्हणजे बारापेक्षा बारीक नळीची बंदूक, सोसते, पण तिची काडतुसं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, तेव्हा आधी ती कुठं मिळतील ते विचारावं. नाहीतर पुरेशा वजनाची बारा बोअर घेऊन दस्ता जाणत्या कारागिराकडून मापात करून घ्यावा आणि कमी भाराचं काडतूस वापरावं.

मग त्यांनी नळ्यांची तोंडं दाखवली. दुनळीच्या नळ्या पुढं निमुळत्या होत तोंडाशी एकमेकींना भिडतात. आमच्या बंदुकीत मधे फट होती. ती डाखाच्या धातूनं बुजवून वर काळा रंग मारलेला; बार काढल्यावर रंग उडाला आणि ते उघडं पडलं. नेम धरायची पितळी माशीही नंतर बसवलेली. अशा दुनळीच्या नळ्या सहसा 28 ते 30 इंच असतात, आमच्या 23 भरल्या. म्हणजे हलकेपणाचं रहस्य नळ्या कापण्यात होतं. तोंडाशी असलेली आवळ, म्हणजे चोक, त्यात गेली, आणि छर्रे जवळच फाकतात.

सगळ्यात धोक्याचं पुढंच आहे. परवानगीशिवाय नळी कापणं हा शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 6 प्रमाणे गुन्हा आहे, आणि अशी बंदूक आता माझ्या बायकोच्या परवान्यावर चढलेली! दुकानदाराकडे गेलो तर सरळ म्हणाला, “तुम्हीच कापली असंल.” बिलावर बंदुकीचा नंबर होता, नळीची लांबी नव्हती. खरेदीच्या दिवशी मेहुण्यानं दुकानाच्या काउंटरवर काढलेला फोटो तेवढा आमच्या बाजूनं आहे. त्यात आखूड नळ्या साफ दिसतात.

बंदूक ठाण्यात जमा करून पावती घेतली. पोलिसांत आणि कलेक्टर कचेरीच्या परवाना शाखेत लेखी तक्रार दिली. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लावा अशी मागणी केली आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

तुमच्या घरात जुनी दुनळी ‘हलकी’ म्हणून आली असेल, तर ती रिकामी आहे याची खात्री करा, नळ्यांच्या तोंडाशी फट किंवा डाख आहे का ते पाहा आणि लांबी मोजा. कापलेली निघाली तर दुकानदाराकडे नेण्याआधी ठाण्यात कळवा. आणि नवी घेत असाल तर नळीची लांबी, दस्त्याचं माप आणि वजन दुकानातच मोजून बिलावर लिहून घ्या. जो लिहून द्यायला तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नका.