जॉन्सन सी-हॉर्स साडेपाच: घरी दुरुस्तीला घेण्याजोगी जुनी आऊटबोर्ड मोटर

जॉन्सनची साडेपाच अश्वशक्तीची ‘सी-हॉर्स’ ही आऊटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या कडेला बाहेरून लावायचे इंजिन, १९५४ ते १९६४ या काळात तयार होत होती. तिच्या मॉडेल क्रमांकाची सुरुवात ‘सीडी’ या अक्षरांनी होते. त्याच काळात एव्हिन्रूडच्या नावाने विकली गेलेली साडेपाचची ‘फिशरमन’ ही आतून जवळपास हीच मोटर आहे, कारण ही दोन्ही नावे १९३० च्या दशकापासून एकाच मालकीखाली होती. वरचे झाकण आणि रंग वेगळे असले तरी दुरुस्तीच्या दृष्टीने दोघींना एकच परीक्षण पुरेसे आहे. घरच्या घरी जुनी आऊटबोर्ड मोटर पुन्हा चालती करू इच्छिणाऱ्या, पण हे काम पूर्वी कधी न केलेल्या माणसाने पहिली मोटर म्हणून हीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांबरोबर येणारी दोन नळ्यांची इंधनटाकी मला मुळीच पसंत नाही, आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

या शिफारशीचे मूळ मोटरीच्या रचनेत आहे. दोन सिलिंडरचे, दोन धावांच्या चक्राचे (टू-स्ट्रोक) हे इंजिन अवघ्या १४५ घन सेंटिमीटरचे असून सिलिंडरचा व्यास सुमारे ४९ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ३८ मिलिमीटर आहे. पूर्ण शक्ती मिळते ती मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे यंत्रावर फारसा ताण न येता. बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक भाग नाहीत, आणि आतल्या बहुतेक भागांपर्यंत साधे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) यांच्या साहाय्याने पोहोचता येते. खास असे एकच हत्यार लागते, ते म्हणजे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक, ओढून काढण्याचा पुलर. या हत्याराशिवाय कामाला हात घालू नये. फ्लायव्हील सैल करण्यासाठी क्रँकशाफ्टच्या टोकावर हातोडा मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते आणि तिच्यामुळे आटे चेमटलेल्या मोटरीही तितक्याच दिसतात. याहून सोपी मोटर हवी असेल तर ‘ब्रिटिश सीगल’ ही दुसरी जुनी आऊटबोर्ड मोटर आहे, हे मान्य करावे लागेल. पण सीगल सोपी आहे ती वापरणाऱ्याच्या सोयीच्या मोबदल्यात: दर वेळी दोरी हाताने गुंडाळायची, अनेक मॉडेलांना क्लच नाही, त्यामुळे इंजिन सुरू झाले की होडीही निघाली. जॉन्सनमध्ये पुढे, न्यूट्रल आणि मागे असे तीन गिअर आहेत, दोरी आपोआप परत गुंडाळली जाते, आणि वेग मुठीत पिळून कमी-जास्त करता येतो. दुरुस्त झालेली मोटर नुसती मिरवायची नसून वापरायची असेल, तर हा फरक मोठा आहे.

विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करावे. पहिली, फ्लायव्हील हाताने फिरते का आणि फिरवताना दोन्ही सिलिंडरांत सारखाच दाब जाणवतो का. दाब मोजायच्या मापकावर दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे आकडा मोठा असण्यापेक्षा महत्त्वाचे. दुसरी, पाण्यात राहणाऱ्या खालच्या पायाचे स्क्रू शाबूत आहेत का. मोटर खाऱ्या पाण्यात वापरलेली असेल तर अॅल्युमिनियमचे खोड आणि त्यातला पोलादी स्क्रू यांच्यात क्षार साचून दोन्ही एकजीव झालेले असतात, आणि असा एक स्क्रू डोक्याशी तुटला की वरच्या इंजिनाच्या संपूर्ण कामापेक्षा जास्त वेळ तो एकटा खातो. झिरपणारे तेल, आळीपाळीने उष्णता आणि थंडावा, आणि धीर, याखेरीज त्यावर उपाय नाही. झाकणाला गेलेला पोचा, उडालेला रंग, हरवलेले चिन्ह ही किंमत पाडून मागण्याची कारणे आहेत, मोटर नाकारण्याची नव्हेत.

या मोटरीतला सर्वांत समाधान देणारा भाग म्हणजे मॅग्नेटो, अर्थात बॅटरीशिवाय ठिणगी निर्माण करणारी यंत्रणा. फ्लायव्हीलच्या आत चुंबक बसवलेले आहेत आणि त्याखालच्या फिरत्या पाटीवर प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र कॉइल, स्वतंत्र पॉइंट (ठरलेल्या क्षणी वीजप्रवाह तोडणारी संपर्काची टोके) आणि स्वतंत्र कंडेन्सर आहे. म्हणजे एका छताखाली दोन वेगळ्या ठिणगी-यंत्रणा नांदतात, आणि एक बिघडली की दुसरीशी ताडून पाहता येते. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू मिळणार नाही. त्या काळच्या कॉइलवरचे आवरण वयोमानाने तडकते, हा या पिढीच्या मोटरींचा सर्वज्ञात दोष आहे. फ्लायव्हील उचलताच भेगा डोळ्यांना दिसतात, आणि दिसल्या की दोन्ही कॉइल एकदमच बदलाव्यात. नव्या कॉइल बसवताना त्यांच्या लोखंडी पट्ट्यांची टोके पाटीवरच्या घासून सपाट केलेल्या उंचवट्यांशी तंतोतंत समपातळीत यायला हवीत. ती किंचित बाहेर राहिली तर फ्लायव्हीलचे चुंबक त्यांवर घासतात, आत गेली तर ठिणगी क्षीण होते. बोटाच्या टोकाने ती कड चाचपून पाहणे हे डोळ्यांपेक्षा विश्वासार्ह ठरते.

पॉइंटमधील फट पूर्ण उघडलेल्या अवस्थेत ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर ठेवायची असते, आणि हे काम घाईचे नाही: स्क्रू घट्ट करताना फट बदलते, म्हणून घट्ट केल्यानंतर पुन्हा मोजावेच लागते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पॉइंटच्या तोंडावर एक अदृश्य थर बसलेला असतो. नवीन पॉइंटवरही कधी कधी साठवणीचे तेल असते. स्पिरिटमध्ये भिजवलेला जाड कागद दोन टोकांमधून ओढून घेतला की अनेक ‘मेलेल्या’ मॅग्नेटो जिवंत होतात. चाचणी अशी की दोन्ही प्लग काढून दोरी ओढल्यावर ठिणगीने उघड्या हवेत पाव इंचाची, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरची फट ओलांडली पाहिजे. नुसती प्लगच्या टोकाशी दिसणारी ठिणगी पुरेशी नाही, कारण सिलिंडरातल्या दाबाखाली तीच ठिणगी मावळते. प्लगच्या तारा बदलताना तांब्याच्या गाभ्याच्या घ्याव्यात; मोटारगाडीच्या कार्बन गाभ्याच्या तारा या मॅग्नेटोला मानवत नाहीत.

या यंत्रणेतली एक खुबी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मूठ पिळली की ओढ थेट कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, जात नाही. आधी मॅग्नेटोची पाटी फिरते, त्यामुळे ठिणगी लवकर पडू लागते, आणि त्याच पाटीला जोडलेली वक्र पट्टी कार्ब्युरेटरच्या झडपेची चकती ढकलते. ठिणगीची वेळ आणि हवेचे प्रमाण यांचा मेळ हा असा एका पट्टीवर अवलंबून आहे. झडप नेमकी कोणत्या क्षणी उघडू लागावी याची खूण त्या पट्टीवर असते. ती चुकलेली असेल तर मोटर मंद गतीला सुरेख चालते आणि वेग मागताच अडखळते. कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा खोलून दोष न सापडणाऱ्यांनी आधी ही खूण पाहावी.

कार्ब्युरेटर त्या मानाने साधा आहे. समोर दोन सुया असतात, एक मंद गतीसाठी आणि दुसरी तीव्र गतीसाठी. मंद गतीची सुई हलकेच टेकवून तिथून सुमारे दीड फेरा उघडावी आणि नंतर मोटर चालू असताना कानाने जुळवावी. जोराने घट्ट केली तर सुईचे टोक आणि तिची बैठक दोन्ही कायमचे खराब होतात. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा जुना तरंगता गोळा बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्यावरचा मूळ लेप इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलमध्ये विरघळतो, त्यामुळे तो दिसायला चांगला असला तरी बदलणेच शहाणपणाचे. सुयांभोवतीच्या गळतीरोधक चकत्या नेहमी दुर्लक्षित राहतात, आणि मग नव्या सुट्या भागांनिशी जोडलेला कार्ब्युरेटरही हवा ओढत राहतो.

आता टाकीविषयी. १९५० च्या दशकातल्या या मोटरींना इंधनपंप नसतो. इंजिनाच्या क्रँककेसमधला (क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद पेटीतला) दाब एका नळीने टाकीत जातो आणि त्या दाबाने ढकललेले पेट्रोल दुसऱ्या नळीने परत येते. कल्पना चतुर आहे, आणि टाकीचे सगळे रबर नवे असताना ती उत्तम चालतेही. पण झाकणाचे गॅस्केट, टाकीवरचा पडदा, दुहेरी नळी आणि दोन्ही टोकांच्या जोडण्या यांपैकी एकही जागा गळू लागली की दाब टिकत नाही, मोटर काही मिनिटे चालून उपाशी पडते, आणि दोष टाकीत आहे हे उमगेपर्यंत माणूस कार्ब्युरेटरला दोष देत राहतो. त्याहून गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे. ही टाकी म्हणजे होडीत पायाशी ठेवलेले दाबाखालचे पेट्रोल असते. झाकण उघडण्यापूर्वी किंवा नळी काढण्यापूर्वी दाब सोडलाच पाहिजे, आणि ही शिस्त प्रत्येक वापरणाऱ्याकडून पाळली जाईल यावर मी विसंबून राहणार नाही. १९६० च्या आसपास पंप बसवलेल्या आणि एकेरी नळी असलेल्या मोटरी आल्या. निवड करता येत असेल तर त्याच घ्याव्यात. जुन्या मोटरीला वेगळा पंप जोडण्याची पद्धतही रूढ आहे. त्यात क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर पंप चालवला जातो आणि टाकीकडे जाणारी दाबाची जुनी वाट बंद केली जाते. मूळ स्वरूप जपण्याचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचत नाही, पण वापरायच्या मोटरीत मला ही तडजोड योग्य वाटते.

खालच्या पायाचे काम कष्टाचे आहे, अवघड नाही. गिअरच्या दांडीची जोडणी सोडवून पाय वेगळा केला की पाण्याच्या पंपाची डबी वर दिसते आणि तिच्यात रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, असतो. अनेक वर्षे एकाच स्थितीत राहिल्याने त्याची पाती वाकलेलीच राहिलेली असतात. इम्पेलर तपासायचा नसतो, बदलायचा असतो. त्याच्या जिवावर इंजिन थंड राहते आणि तो काही क्षण कोरडा फिरला तरी झिजतो. पाय परत चढवताना मात्र पाण्याची नळी तिच्या रबरी कड्यात, उभी दांडी क्रँकशाफ्टच्या खाचांत आणि गिअरची दांडी तिच्या जोडणीत, अशी तिन्ही टोके एकाच वेळी जुळावी लागतात, आणि इथे दुसऱ्या माणसाचे हात फार उपयोगी पडतात. गिअरपेटीतले तेल दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे असे समजून सील बदलावीत. नवे तेल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचे, म्हणजे आत हवा अडकत नाही.

पहिल्यांदा चालू करताना मोटर पाण्याने भरलेल्या पिंपातच चालवावी, आणि पाण्याची पातळी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर असावी. या मोटरींना आजच्यासारखी थंडाव्याच्या पाण्याची वेगळी धार नसते, यामुळे नवखे लोक घाबरतात. पायाच्या मागच्या बाजूच्या छिद्रांतून धुराबरोबर पाण्याचे तुषार येत असतील आणि सिलिंडरच्या माथ्यावर हात क्षणभर ठेवता येत असेल, तर पंप काम करतो आहे. पेट्रोल आणि तेलाचे प्रमाण २४ ला १, म्हणजे लिटरमागे सुमारे ४२ मिलिलिटर, आणि तेल पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचे, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे. आधुनिक मोटरींचे ५० ला १ हे प्रमाण इथे वापरू नये, मग तेलाच्या डब्यावर काहीही लिहिलेले असो.

सुट्या भागांबाबत ही मोटर भाग्यवान आहे. हाच मॅग्नेटो त्या घराण्याच्या इतर अनेक छोट्या मोटरींना वापरला गेल्यामुळे कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर आजही नव्याने बनतात, आणि एव्हिन्रूड मोटरींचे उत्पादन २०२० मध्ये थांबले तरी त्यांत खंड पडलेला नाही. दर्जा मात्र सारखा नाही. नव्या कॉइल मूळ कॉइलपेक्षा टिकाऊ आहेत असे म्हणायला हरकत नाही. स्वस्त पॉइंटच्या संचांत स्प्रिंग मऊ असते आणि टोके एकमेकांना सपाट भिडत नाहीत, त्यामुळे मूळ पॉइंटची टोके झिजलेली नसतील तर स्वच्छ करून तीच परत लावणे मी पसंत करतो. कार्ब्युरेटरच्या संचात तरंगता गोळा येतो की नाही हे आधी विचारून घ्यावे. दोन नळ्यांच्या टाकीचे पडदे आणि गॅस्केटही मिळतात, म्हणजे मूळ टाकीच हवी असेल त्याची अडचण होत नाही.

रंगाचे काम सर्वांत शेवटी, आणि जमल्यास करूच नये. मूळ रंगाचे डाग पडलेले पण स्वच्छ पुसलेले झाकण, नव्या चकचकीत रंगाखाली दडलेल्या अर्धवट दुरुस्तीपेक्षा पुढच्या खरेदीदाराला जास्त काही सांगते. रंगवायचेच असेल तर मॉडेल क्रमांकाची पट्टी झाकून घ्यावी. तिच्यावरची अक्षरे रंगाखाली गेली की त्या मोटरीसाठी योग्य भाग मागवणे अवघड होऊन बसते.