गच्चीवरचा हीट पंप: वसंत विहारमधल्या एका जुन्या सोसायटीचा अनुभव

आमच्या सोसायटीची गरम पाण्याची जुनी व्यवस्था बदलून आम्ही गच्चीवर हीट पंप, म्हणजे हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारं यंत्र, बसवला. घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. यंत्र चांगलं, पाइपिंग त्याहून चांगलं, गच्चीवरचं सिव्हिल काम वाईट. पाचपैकी साडेतीन. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी एक वाद अजून मिटायचा आहे, आणि मी सोसायटीची खजिनदार असल्यामुळे माझं बोलणं एकतर्फी वाटू शकतं.

आमची इमारत ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनच्या आतल्या बाजूला. सात मजले, 28 फ्लॅट. बिल्डरने गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवून दिला होता, 3000 लिटरचा. चोवीस कलेक्टर (उन्हात पाणी तापवणाऱ्या सपाट पेट्या), लोखंडी टाकी, जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप. इतकी वर्षं तो बरा चालला, आणि मग एकाच वेळी त्याचं सगळं बिघडायला लागलं. टाकी आतून गंजली. सकाळी नळाला तपकिरी पाणी यायला लागलं. दक्षिणेला तीसेक मजल्यांचा टॉवर उभा राहिला तो वेगळाच. उन्हाळ्यात त्याचा फारसा त्रास नाही, कारण सूर्य डोक्यावर असतो. पण डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंशांवरच असतो. म्हणजे गरम पाणी सगळ्यात जास्त हवं त्याच महिन्यांत अर्ध्या गच्चीवर टॉवरची सावली. पावसाळ्याचं तर विचारूच नका. जून ते सप्टेंबर टाकीतले इलेक्ट्रिक हीटर चालू, आणि महावितरणचं कॉमन मीटरचं बिल बघून कमिटीच्या मीटिंगमध्ये शांतता.

तीन कोटेशन मागवली. पहिल्या दोघांचं म्हणणं सारखंच होतं: जुनं सगळं काढा, नवे ट्यूबवाले सोलर लावा. ट्यूबवाला म्हणजे दुहेरी काचेच्या निर्वात नळ्यांचा. स्वस्त पडतो, ढगाळ हवेत थोडा बरा चालतो. पण सावलीचं काय, असं विचारलं की दोघेही ब्रोशरचं पुढचं पान उलटायचे. तिसरा आला तो हातात टेप घेऊन. आधी सगळे शाफ्ट, म्हणजे पाइप उतरवायच्या उभ्या पोकळ्या, उघडून पाहिले, मग पहिल्या मजल्यावरच्या एका घरी नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजलं. गच्चीवर तो सगळ्यात शेवटी गेला. काम त्यालाच दिलं. दर सगळ्यात कमी नव्हता, यावरून सर्वसाधारण सभेत बरीच खडाजंगी झाली.

त्याचं म्हणणं सोपं होतं. सावलीत न येणारे कलेक्टर ठेवा, कारण काचेखाली काळा पत्रा आणि तांब्याच्या नळ्या यांत बिघडण्यासारखं फार काही नसतं. नळ्या आतून चुन्याने बुजल्या असतील तर मंद ॲसिडने धुऊन घेता येतात. सावलीतले काढून टाका. उरलेली उष्णता हीट पंपाने भरून काढा. टाकी 2000 लिटरची, स्टेनलेस स्टीलची, बाहेरून पफचं (उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचं) इन्सुलेशन. इथे मी एक प्रश्न विचारला होता तो तुम्हीही विचारा: स्टील कुठल्या ग्रेडचं? पालिकेच्या पाण्यावर 304 चालतं. पण उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवेलवर दिवस काढावे लागत असतील, तर त्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे 304 ला बारीक खड्डे पडतात. तिथे 316 घ्यावं. घोडबंदरच्या बाजूच्या सोसायट्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. आम्ही 316 घेतलं आणि दर वाढला म्हणून मी कुरकुर केली नाही.

आता हीट पंप. हा उलटा चालणारा एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात टाकतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला, पाणी तापवायला थेट नाही. आकडेमोड मी स्वतः करून पाहिली. 2000 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 ला न्यायचं तर 60,000 किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटमध्ये 860, म्हणजे साध्या हीटरला सुमारे 70 युनिट. आपल्या हवेत हीट पंप एका युनिटच्या बदल्यात साडेतीन युनिटांएवढी उष्णता देतो असं धरलं, तर तेच काम 20 युनिटांत. सोलरचा वाटा यातून आणखी वजा होतो तो वेगळा. गेल्या पावसाळ्यातलं बिल पाहून सेक्रेटरींनी मला परत फोन करून विचारलं, रीडिंग बरोबर घेतलंय ना?

एका तरुण सभासदाने सभेत मुद्दा काढला होता की आता पाणी तापवणारा सोलर कशाला, वीज बनवणारी पॅनेलं लावा, 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. मुद्दा चुकीचा नाही. पाणी तापवणारा कलेक्टर उन्हातली निम्मी उष्णता पाण्यात उतरवतो, पॅनेल जेमतेम 20 टक्क्यांची वीज करतं, पण त्या विजेवर हीट पंप चालवला की हिशेब पुन्हा कलेक्टरच्या पुढे जातो. नव्या, मोकळ्या गच्चीला मी तेच सुचवीन. आमच्याकडे चालू स्थितीतले कलेक्टर होते आणि सावली नसलेली जागा थोडी, म्हणून ते तूर्त बाजूला ठेवलं.

पण पैसे खरे वसूल झाले ते पाइपांत. आमच्या शाफ्टमधून कापून काढलेला जीआय पाइपाचा तुकडा सोसायटीच्या ऑफिसात ठेवलाय. बाहेरून दीड इंच, आत करंगळी जाईल एवढंच भोक, बाकी सगळा पांढरा-तांबूस दगड. यातून सात मजले पाणी उतरायचं. शिवाय दीड इंची पाइप 20 मीटर लांब असेल तर त्यात 25 लिटर पाणी मावतं, आणि रात्रभरात ते गार होतं. सकाळी पहिला नळ सोडणाऱ्याने हे सगळं गार पाणी वाहू द्यायचं, तेव्हा कुठे गरम येणार. पहिल्या मजल्यावरच्या आजी पहाटे साडेपाचला उठून हे काम करत, आणि वरचे सहा मजले त्यांच्या जिवावर आंघोळ करत. बादल्या भरून त्या झाडांना घालत, हे त्यांचं मोठेपण.

यावर उपाय म्हणजे रिटर्न लाइन. प्रत्येक शाफ्टच्या तळापासून एक बारीक पाइप परत गच्चीवर न्यायचा, त्यावर छोटा पंप, पंपाला टायमर. पहाटे पाच ते नऊ पंप पाणी फिरवत ठेवतो, कुठल्याही मजल्यावर नळ सोडला की काही सेकंदांत गरम. प्लंबरांचा म्होरक्या ओडिशातल्या केंद्रपाड्याचा, मुंबईतले निम्मे प्लंबर तिकडचेच असावेत. तो मला जिन्यात गाठून म्हणाला, "मॅडम, मशीन कोई भी लगा देगा. रिटर्न नहीं डाला तो आपका आधा पैसा नाली में." सगळ्या गरम लाइन सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) केल्या आणि त्यावर काळ्या नायट्राइल रबराचं आवरण. सांध्यांवरसुद्धा. कोपऱ्यात, जिथे कुणी बघणार नाही, तिथेही. मी टॉर्च घेऊन बघितलं.

लीड्सला असलेल्या माझ्या भाच्याने याच सुमारास घराचा गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवला. त्यांच्याकडे सेंट्रल हीटिंग. एकच यंत्र नळाचं पाणीही तापवतं आणि भिंतीवरचे रेडिएटरही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार त्यासाठी साडेसात हजार पौंड देतं. पण त्याचंही दुखणं यंत्र नव्हतंच. जुने रेडिएटर गॅस बॉयलरच्या 70 अंश पाण्यासाठी बेतलेले, हीट पंप चांगला चालतो 45-50 वर, म्हणून रेडिएटर मोठे घ्यावे लागले. आम्ही दोघं फोनवर पाइपांच्या जाडीवर इतका वेळ बोललो की बहिणीने विचारलं, तुमचं बरं चाललंय ना?

आता वाईट भाग. हीट पंपाचा आणि टाकीचा स्टँड गच्चीवर कसा बसवायचा, यात ठेकेदाराने घाई केली. आमच्या गच्चीला ब्रिकबॅट कोबा आहे, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा वॉटरप्रूफिंगचा थर. त्यात थेट अँकर बोल्ट मारले. सिमेंटचे ठोकळे करून त्यांवर स्टँड ठेवायचा असतो, वॉटरप्रूफिंगला भोक पाडायचं नसतं, हे कोबा करणारा कुठलाही गवंडी सांगेल. पहिल्या मोठ्या पावसात 702 च्या हॉलमध्ये ओल. दुरुस्ती केली, बोल्टांभोवती रसायन भरलं, पण ओल गेली असं मी अजून म्हणणार नाही. बिलातले पाच टक्के रोखून ठेवलेत. त्यांचा माणूस दर आठवड्याला फोन करतो, मी दर आठवड्याला तेच उत्तर देते.

आवाजाची तक्रारही सुरुवातीला होती. पंख्याची घरघर रात्री सातव्या मजल्यावर ऐकू यायची. स्टँडखाली जाड रबर पॅड टाकले आणि रात्री यंत्र बंद राहील असं सेटिंग केलं, तेव्हापासून तक्रार नाही. दुपारी हवा जास्त गरम असते, यंत्रालाही तेव्हाच चालणं स्वस्त पडतं. हीट पंप एका बाजूने गार हवा फेकतो हे मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये सातव्या मजल्यावरच्या मावशींनी नेमक्या त्याच झोतात साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी त्या अजून चिकट. आता गच्चीवर खडूने रेघ मारली आहे, पलीकडे पापड्या, अलीकडे यंत्र.

टाकीचं तापमान वीज वाचवायच्या नादात 45 वर आणू नका. कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, साठा 60 च्या आसपास ठेवलेला बरा. आमचा पंप 55 पर्यंत नेतो, वरचे पाच अंश सोलर चढवतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा जुना हीटर तासभर लावतो.

खर्च फ्लॅटमागे 40 हजारांच्या आसपास आला, दुरुस्ती निधी आणि थोडी वर्गणी मिळून. सिंकिंग फंडाला हात लावला नाही. चार मजली, आठ घरांची इमारत असेल तर एवढा खटाटोप करू नका, घरोघरी 15 लिटरचे पाच स्टार गीझर लावा आणि मोकळे व्हा. महानगर गॅसच्या लाइनवर गॅस गीझर लावायचा विचार असेल तर तो बाथरूमच्या बाहेरच बसवा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात.

वार्षिक देखभालीचा करार हा सध्याचा विषय. ठेकेदाराने पाठवलेल्या मसुद्यात कॉम्प्रेसर, यंत्रातला गॅस आणि पीसीबी (कंट्रोलचं सर्किट) वगळलेत, म्हणजे उरला पंखा पुसणं. आम्ही ते तिन्ही घालून आणि कलेक्टरची वर्षातून एकदा डीस्केलिंग (आतला चुना काढणं) धरून नवा मसुदा पाठवलाय. तुमच्या सोसायटीत कुणी असा सर्वसमावेशक करार केला असेल तर दर काय पडला तेवढं कळवा, मला पुढच्या मीटिंगआधी हवंय.